टाकलेली रापी पुन्हां हातीं घेतांना

इटली देशांतील मिलान शहरीं जून २०२५ मध्यें प्राडा नांवाच्या बड्या पेढीनें आपल्या नव्या मालाचें प्रदर्शन मांडलें. तेथें मिरवीत गेलेल्या तरुणांच्या पायांत जी वहाण होती, ती आमच्या कृष्णाकांठच्या कोणाही म्हाताऱ्यानें एका नजरेंत ओळखली असती. पेढीनें मात्र तिला नुसती चामड्याची सँडल म्हटलें होतें. गांवाचें नांव नाहीं, कारागिराचें नांव नाहीं. इकडे ओरड झाली, तेव्हां या वहाणेची प्रेरणा हिंदुस्थानांतील हातकामापासून घेतली हें पेढीनें कबूल केलें. आणि डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्राचें संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचें तशाच कामाचें सरकारी महामंडळ यांच्याशीं करार करून, दोन हजार जोड या दोन राज्यांत करवून घेण्याचें व जोडास सुमारें ८०० युरो किंमत ठेवण्याचें जाहीर केलें. ८०० युरो म्हणजे आपल्या हिशेबानें ऐंशी हजार रुपयांच्या वर. एवढ्यांत दावणीला दुभती म्हैस येते. म्हशीच्या कातड्याचा तळ असलेल्या वहाणेला म्हशीची किंमत आली, असा हा चमत्कार आहे.

वर्तमानपत्रांतून या प्रकरणाचा गाजावाजा पुष्कळ झाला. कोणी अपमान झाला म्हणाले, कोणी अभिमान वाटला म्हणाले. आम्हांस त्या दोन्ही गोष्टींत फारसें स्वारस्य नाहीं. आमचा वाचक शेतकरी आहे, सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार आहे. त्याच्या दारीं मिलानची बातमी पोंचते ती वेगळाच प्रश्न घेऊन. 'कोल्हापुरी चप्पल' या नांवाला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे ठराविक मुलखांत, ठराविक रीतीनें झालेल्या मालालाच तें नांव लावतां येईल अशी कायद्याची नोंद झाली. ही नोंद एकट्या कोल्हापूरची नाहीं. इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडे बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांची ती आहे. तेव्हां वाळव्याच्या, तासगांवच्या, कराडच्या किंवा खटावच्या चर्मकारानें त्या रीतीनें केलेली वहाणही कायद्यानें कोल्हापुरीच ठरते. आणि म्हणूनच, ज्या घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीं रापी आणि आरी गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर टाकलीं, त्या घरांत आतां विचार निघणार: पुन्हां काढावींत काय?

या प्रश्नाला घाईनें 'हो' म्हणणारे पुष्कळ भेटतील. सभेंत व्यासपीठावरून 'आपली कला, आपला वारसा' असें म्हणणें सोपें आहे. त्यास चामड्याचा वास सोसावा लागत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, रापी टाकली कां गेली हें अगोदर नीट समजून घ्यावें.

ती आळसानें टाकली गेली नाहीं. जुन्या गांवगाड्यांत चर्मकार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. वर्षभर त्यानें शेतकऱ्याच्या घरचे जोडे शिवावे, फाटलेले सांधावे, चाबकाच्या वाद्या, बैलांच्या गळ्यांतले पट्टे, मोटेचें ठिगळ सारें पाहावें, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपलें बलुतें मागावें. मागावें हा शब्द आम्हीं मुद्दाम घातला आहे. काम झालेलें असे, जोडा धन्याच्या पायांत झिजून गेलेला असे, आणि तरी त्याचा मोबदला खळ्याच्या कडेला उभें राहून, पदर पसरून घ्यावा लागे. पीक बुडालें कीं बलुतें बुडालें. पीक भरघोस आलें म्हणून बलुतें वाढलें असें मात्र क्वचितच घडे. पाटलाचा दहा वर्षांचा पोर साठ वर्षांच्या कारागिराला 'काय रं, झाला का जोडा?' असें विचारी, आणि म्हातारा 'व्हय जी धाकलं मालक, ऐतवारी न्या' असें उत्तर देई. धान्याची पायली कमी मिळाली तें माणूस विसरेल, हें 'काय रं' तीन पिढ्या विसरत नाहीं.

भटजीनें विटाळ धरला, शेटजीनें नफा धरला, हें खरेंच. पण खळ्यावर पायलीनें मोजतांना हात आंखडता घेणारा आणि पोराला 'काय रं' म्हणायला शिकविणारा पाटील-देशमुख ब्राह्मण नव्हता. सगळा दोष पंचांगवाल्याच्या माथीं मारून जे आपले हात झटकूं पाहतात, त्यांनीं जोतीरावांचें नांव घेऊं नये. सत्यशोधक समाज १८७३ सालीं निघाला तो एकाची गादी काढून दुसऱ्याची घालण्यासाठीं नव्हे. जोतीरावांचें घराणें मूळचें खटाव तालुक्यांतील कटगुणचें. तेव्हां ही गोष्ट सातारकरांना तरी कोणी परक्यानें येऊन सांगण्याची पाळी येऊं नये.

दुसरें कारण मोट. आजच्या तरुण शेतकऱ्यानें मोट पाहिली असलीच तर चित्रांत. सबंध चामड्याची सोंडेची मोट, तिला नाडा आणि सोंदूर, पुढें बैल. विहिरीवर ही मोट चाले तोंवर चामड्याचें काम कधीं सरत नसे. पाण्यांत भिजून, दगडावर घासून ती सारखी फाटायची; ढोर समाजानें कातडें कमवावें, कोणी तें शिवावें, कोणी ठिगळ लावावें. पुढें लोखंडी मोटा आल्या. १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तेथून नांगर निघाले, मग पंप निघाले. तेलाचीं एंजिनें आलीं, वीज आली. शेतकऱ्याचे कष्ट वांचले, बैलांचे वांचले, आणि हें चांगलेंच झालें. आम्ही मोटेसाठीं रडणारे नव्हत. परंतु या सुधारणेबरोबर कातड्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक गेलें. ज्यांची चूल त्यावर चाले त्यांना दुसरें काय मिळालें, हें कोणी विचारलें नाहीं.

तिसरें कारण गिरणीचा जोडा. आतांच्या झेक देशांतील झ्लिन गांवीं १८९४ सालीं चर्मकाराच्याच घरांत जन्मलेल्या टोमाश बाटानें कारखाना काढला. त्याच बाटाची पेढी १९३१ सालीं कलकत्त्याजवळ येऊन ठेपली, आणि कांहीं वर्षांत तिचा माल आपल्या तालुक्याच्या बाजारांत आला. त्यामागून मोटारच्या टायरचा तळ आला, रबराची हवाई चप्पल आली, प्लॅस्टिक आलें. उसाच्या फडांत, हळदीच्या सऱ्यांत, चिखलांत ही स्वस्त चप्पल सोईची पडते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ती भिजली तरी बिघडत नाहीं. तुटली तर फेंकून देतां येते.

आणि चौथें कारण सर्वांत चांगलें आहे. १९१९ सालीं कराड तालुक्यांत काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. पुढें साताऱ्याच्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीला बसलीं. त्याच साताऱ्याच्या हायस्कुलांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव नांवाच्या एका मुलाचें नांव दाखल झालें होतें, हें महाराष्ट्राला ठाऊक आहे. या शाळांतून शिकलेल्या चर्मकाराच्या मुलानें बापाची रापी टाकून मास्तरकी धरली, तलाठी झाला, एसटींत लागला, डॉक्टर झाला, तर ती त्या घराची बढती होती. त्यास 'कला मेली हो' म्हणून जे उसासे टाकतात, त्यांनीं अगोदर आपला मुलगा एक वर्षभर कातड्याच्या कुंडीवर बसवून पाहावा.

आपल्याकडे म्हण आहे, पायींची वहाण पायींच बरी. ही म्हण वहाणेविषयीं नाहीं, माणसाविषयीं आहे, हें सर्वांस कळतें. दरसाल आषाढांत ज्ञानोबांच्या पादुका पालखींतून लोणंद-फलटणच्या वाटेनें जातात. लाखों लोक त्यांपुढें डोकें ठेवतात. पादुका डोक्यावर घेण्याइतक्या पवित्र, आणि पायताण करणारा मात्र शिवूं नये असा, हा न्याय कोणत्या शास्त्रांत बसतो तें शास्त्र्यांनाच विचारावें. आणखी एक गंमत पाहा. रशियाचे टॉलस्टॉय हे मोठे जमीनदार व ग्रंथकार, उतारवयांत बूट शिवीत. त्यांच्या नांवाच्या फार्मवर आफ्रिकेंत बॅरिस्टर गांधी वहाणा करूं लागले, आणि १९१४ सालीं तो देश सोडतांना त्यांनीं जनरल स्मट्स यांस आपण केलेली एक जोड भेट दिली. स्मट्स यांनीं ती जपून १९३९ सालीं परत पाठविली. या गोष्टी आम्ही आदरानेंच सांगतों. पण बॅरिस्टरानें जोडा शिवला कीं तो इतिहास होतो, आणि रोहिदासाच्या वंशजानें शिवला कीं ती त्याची जात होते! वहाण तीच, टांका तोच. फरक हातांत नाहीं, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

कर्नाटकाच्या वेशीवरच्या वाचकांस हरळय्याची गोष्ट माहीत असेल. बाराव्या शतकांत कल्याण नगरीं बसवण्णांच्या मेळ्यांत हरळय्या नांवाचा जोडे करणारा शरण होता. त्याच्या मुलाचें ब्राह्मण घरांतून आलेल्या मधुवरसाच्या मुलीशीं लग्न लागलें, आणि त्याबद्दल राजानें दोघां बापांस हाल करून मारविलें, असें सांगतात. मिरज, जत, कवठेमहांकाळकडील लिंगायत बांधवांनीं ही कथा आपल्या मठांतून पुन्हां पुन्हां सांगावी, आणि सांगून झाल्यावर आपल्या गांवच्या चर्मकारवाड्यांत जाऊन यावें.

आतां रापी पुन्हां हातीं घेण्याविषयीं. आमचें मत असें कीं, ज्यास घ्यावीशी वाटते त्यानें जरूर घ्यावी, परंतु ती बलुतेदार म्हणून नव्हे, धंदेवाला म्हणून. शाहू छत्रपतींनीं आपल्या राज्यांत १९१८ सालीं महारवतनाचें जोखड काढलें, डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाचें बिल आणलें, तें याच तत्त्वासाठीं: गांवाची चाकरी आणि माणसाचा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकरींत दर दुसरा ठरवितो, धंद्यांत आपण ठरवितों. महामंडळाच्या सभांतून कोणी 'परंपरागत व्यवसाय जपा' असा उपदेश करूं लागला, तर त्यास विचारावें कीं, बाबा रे, परंपरेनें आम्हांस भाव ठरविण्याचा अधिकार कधीं दिला होता काय?

धंदा म्हणून पाहिलें तर हें काम हलकें नाहीं. पहिली अडचण कातड्याची. अस्सल वहाणेचें कातडें सालीनें कमावलेलें लागतें. कच्चें कातडें चुन्याच्या पाण्यांत ठेवून केंस सुटे करायचे, मांसाकडची बाजू खरवडायची, धुऊन चुना काढायचा, आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यांत तें मुरवायचें. जुनी रीत अशी कीं, कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची व तिच्यांत काढा ओतीत राहायचें. तो झिरपत जातो आणि कातडें आंतबाहेर पिकतें. याला आठवडेच्या आठवडे लागतात. बाभूळ आपल्या बांधावर आहे, हिरडा महाबळेश्वर-कोयनेच्या रानांत आहे, म्हैस आपल्या गोठ्यांत आहे. सगळें घरचें असून कमावलेलें कातडें मात्र पुष्कळदां मद्रासेकडून येतें! कारण कमावणारीं घरें उठलीं. क्रोमच्या क्षारानें तेंच काम थोड्या दिवसांत होतें, पण त्याचें पाणी ओढ्यांत सोडलें तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला तें बाधतें. सालीच्या काढ्याचें पाणीही घाणच. पण त्याची व्यवस्था लावणें गांवाच्या आटोक्यांतलें आहे. ढोर समाजाच्या ज्या म्हाताऱ्यांस या कुंड्यांचें ज्ञान आहे, त्यांच्याशिवाय चर्मकाराची रापी लंगडी आहे. दोन्ही समाजांत पूर्वीं रोटीबेटीचा जो दुरावा होता, तो अजून मनांत बाळगणाऱ्यांनीं निदान धंद्यापुरता तरी तो सोडावा.

दुसरी अडचण कायद्याची आणि भीतीची. राज्यांत गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानें होतीच. २०१५ सालीं तीत बैल व वळू यांचीही भर पडली. म्हैस या बंदींत नाहीं, आणि कोल्हापुरीचा तळ म्हशीच्या कातड्याचाच असतो. आपोआप मेलेल्या जनावराचें कातडें काढणें हा कांहीं गुन्हा नव्हे. तरी पण रस्त्यांत गाडी अडवून 'हें कशाचें?' म्हणून दरडावणाऱ्या टोळ्यांपुढें कायद्याचें कलम वाचून दाखवायला कोण उभा राहतो? कातड्याची ने-आण करणारा गरीब माणूस या भीतीनेंच धंदा सोडतो. आणि शेतकऱ्याचें काय? म्हातारा बैल पूर्वीं बाजारांत चार पैसे आणी. आतां तो दावणीला मरेपर्यंत पोसावा लागतो, नाहीं तर रात्रीं दुसऱ्याच्या शिवारांत सोडून द्यावा लागतो. ज्यांनीं कधीं बैल पाळला नाहीं त्यांच्या पुण्याचा खर्च शेतकऱ्यानें व चर्मकारानें मिळून भरायचा, अशी ही वांटणी आहे. निदान म्हशीच्या व मेलेल्या जनावरांच्या कातड्याच्या वाहतुकीस महामंडळानें आपल्या सहीशिक्क्याचा दाखला द्यावा, आणि तो दाखला असतां गाडी अडविणाऱ्यावर पोलिसांनीं खटला भरावा, एवढी मागणी तरी आतां झालीच पाहिजे.

तिसरी अडचण हाताची. केलेला धंदा हात विसरत नाहीं असें म्हणतात, तें अर्धेंच खरें आहे. आरी कोठें टोंचायची, टांका किती ओढायचा, हें बोटांना आठवतें. पण मनगटाचा जोर गेलेला असतो, घट्टे मऊ पडलेले असतात, आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना बारीक वेणी दिसत नाहीं. कोल्हापुरींत खिळा नाहीं. तळाचे थर भिजवून, ठोकून बसवायचे आणि चामड्याच्याच दोऱ्यानें शिवायचे. वर पट्टा, दोन बाजूंस कान, अंगठा, आणि नक्षीची वेणी. भिजविणें कमी झालें तर तळ उसवतो, जास्त झालें तर वाळतांना वांकतो. हें पुस्तकांत वाचून येत नाहीं. ज्यानें खंड पाडला आहे त्यानें पहिले दहा-वीस जोड विकण्याच्या भरीस पडूं नये. ते घरच्यांनीं वापरावे, शेतांत घालावे, कोठें उसवते तें पाहावें. सुरुवात दुरुस्तीनें करावी. जुनी वहाण उसवतांना जो धडा मिळतो तो नवी शिवतांना मिळत नाहीं. गांवांत सत्तरीचा कोणी कारागीर असेल तर त्याच्याकडे चार महिने बसावें, आणि त्यास गुरुदक्षिणा नव्हे, रोजचा रोज द्यावा.

आणि या साऱ्यांत घरच्या बाईचा हात विसरूं नये. वेणी विणणें, पट्टा शिवणें, गोंडे करणें हीं कामें बहुतेक घरांत बायका करतात. दुकानांत बसून पैसे मोजण्याचें तेवढें पुरुषाकडे असतें. सप्टेंबर २०२३ मध्यें निघालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंदे आहेत, त्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांबरोबर जोडे करणाराही आहे. (जुन्या बलुतेदारांची यादी सरकारनें पुन्हां लिहून काढली असें ती वाचतांना वाटतें, निदान या वेळीं पायलीऐवजीं रुपये आहेत.) तींत शिकण्याच्या काळांत दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठीं १५,००० रुपये, आणि पांच टक्के व्याजानें पहिल्यांदा एक लाख व तें फेडल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज आहे. परंतु कुटुंबांतून एकाचीच नोंद होते, आणि नोंद करतेवेळीं तो माणूस स्वतःच्या हातानें तो धंदा करीत असला पाहिजे. म्हणजे कागद आधीं आणि रापी मागून, हा क्रम चालणार नाहीं. आमची सूचना अशी कीं, जेथें विणकाम व शिवण बाईच करते तेथें नोंद तिच्याच नांवें करावी. कर्ज तिच्या नांवें आलें तर तें गुत्त्यांत जाण्याची भीतीही कमी.

सर्वांत मोठी अडचण भावाची आहे. ज्यानें वहाण केली त्याला किती मिळतात आणि पेठेंतल्या दुकानांत तीच कितीला जाते, हा हिशेब कारागिराला तोंडपाठ आहे. तो सांगत नाहीं, कारण दुकानदाराची उचल त्याच्या अंगावर असते. गणपतीला घेतलेले पैसे दिवाळीपर्यंत मालानें फेडायचे, आणि दिवाळीला पुन्हां घ्यायचे. या उचलीच्या दाव्यांत मान अडकली असेल तोंवर मिलानमध्यें वहाण ऐंशी हजाराला जावो कीं आठ लाखाला, कारागिराच्या ताटांतील भाकरी तेवढीच राहील. म्हणून नव्यानें सुरुवात करणारानें पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. कातडें, दोरा, तेल, वायां गेलेला तुकडा, बाजाराची खेप हे लिहावें. त्यावर दोन माणसांची मजुरी लिहावी, आणि ती ऊस तोडायला गेल्यास जी मिळेल तिच्याहून कमी धरूं नये. बायकोची मजुरी शून्य धरून स्वस्तांत माल देणारा कारागीर दुकानदाराचा नफा आपल्या घरांतून भरतो.

नोंदणीचीही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मानांकनाचे मालक दोन महामंडळें आहेत. परंतु तें नांव हक्कानें वापरायचें तर कारागिरानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. २०२० सालीं तिची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली गेली. दहा रुपयांत नांव आपलें होतें, आणि तरी किती चर्मकारवाड्यांत कोणी हें येऊन सांगितलें? प्राडाच्या प्रकरणीं मुंबई हायकोर्टांत गेलेला जनहिताचा अर्ज जुलै २०२५ मध्यें फेटाळला गेला. ज्यांच्या नांवें नोंद आहे त्यांनीं यावें, इतरांस हा अधिकार नाहीं, असा त्याचा मतितार्थ. यावरून सर्वांनीं धडा घ्यावा. कागदावर नांव नसलेल्याचें कोर्टापुढें कांहीं चालत नाहीं. कर्नाटकांतील अथणी-निपाणीच्या कारागिरांशीं हद्दीचा वाद घालणाऱ्यांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या नोंदींत ते आपले भागीदार आहेत. आपला भांडणाचा विषय असेल तर तो परराज्यांतल्या यंत्रावर ठोकून काढलेल्या नकली कोल्हापुरीशीं, रेक्झिनच्या पट्ट्यावर कोल्हापुरीचा शिक्का मारणाऱ्याशीं आहे.

आणखी एक धोका आम्हांस स्पष्ट दिसतो. धंद्यांत पैसा आहे अशी हवा उठली कीं पैसेवाला येतो. तो शेड उभारील, यंत्रें घालील, पन्नास कारागीर रोजावर ठेवील, परदेशची ऑर्डर स्वतःच्या नांवें घेईल. आणि ज्याच्या बापानें बलुतें मागितलें तो आतां हजेरी मागेल. कृष्णा-वारणेच्या कांठीं ऊसवाल्यांनीं सहकारानें साखरेचे कारखाने उभे केले, दूधवाल्यांनीं संघ काढले. त्यांत जें बिघडलें तें बिघडलें, पण माल पिकविणारा मालक होऊं शकतो हें त्यांनीं करून दाखविलें. मग दहा गांवांच्या चर्मकारांना व कातडें कमावणाऱ्यांना एका संस्थेंत बांधण्याचें काम या जिल्ह्यांच्या सहकारमहर्षींना कां सुचलें नाहीं? चर्मकारांचीं मतें थोडीं, म्हणून? सुचलें नसल्यास तें आतां चर्मकार तरुणांनींच हातीं घ्यावें, पुढाऱ्याच्या सवडीची वाट पाहूं नये.

शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडेही आमचें मागणें आहे. सालांतून एक जोड गांवच्या कारागिराकडून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांच्या आंतील पायताणांवर कर पांच टक्केच राहिला आहे, आणि चाळीस लाखांच्या आंत उलाढाल असणाऱ्या कारागिराला त्याची नोंदणीही लागत नाहीं. तेव्हां महागाईचें निमित्त सांगूं नका. माप देतांना उभें राहून द्या, बसून पाय पुढें करूं नका. किंमत सांगेल ती रोख द्या. दुकानांत हजार रुपयांच्या बुटाला जेथें तुम्ही तोंड उघडत नाहीं, तेथें हाताच्या कामाला पन्नास रुपयांची घासाघीस कां? नवी वहाण चार दिवस चावते. तिला तेल पाजा, घरांत वापरून मऊ करा, लगेच परत नेऊन 'बिघडलीय' म्हणूं नका. बाभळीच्या कांट्यांतून, उसाच्या खोडक्यांतून चालतांना तिचा तळ काय करतो तें मग कळेल. आणि तुमच्या पोराला कोणी सांगितलें नसेल तर तुम्ही सांगा, कारागिराला 'अहो' म्हणायचें.

तुमच्यापैकीं कोणाच्या मुलाला हें काम शिकावेंसें वाटलें तर त्याच्या आड येऊं नका. मराठ्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या पोरानें चर्मकार गुरूच्या पायाशीं बसून आरी धरली तर आकाश कोसळत नाहीं. जोंवर हें काम एकाच जातीचें राहील, तोंवर त्या कामाचा भाव जातीच्या भावानें लागेल.

चर्मकार बंधूंना शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यांत कातडें ओल धरतें, वाळत नाहीं, बुरशी येते. खंड पडलेल्या हातानें त्या दिवसांत नवें काम धरूं नये. तोंपर्यंत रापीला धार लावून घ्यावी, आरीचे दांडे बदलावे, दहा रुपयांचा अर्ज भरून ठेवावा, आणि गांवांत कोणकोण अजून काम करतो, कोणाला कमावणें येतें, कोणाच्या घरच्या बाईला सात पदरी वेणी येते, यांचीं नांवें एका वहींत लिहून काढावीं. दिवाळीनंतर उन्हें पडूं लागलीं कीं पहिलें कातडें भिजत घालावें.